लातूरला सील केलेला बेस

रजा काढून नांदेड-लातूरला जाऊन आलो असं सांगितलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, "कुणाला क्लासला घातलं?" मी म्हणतो, कुणाला नाही, बेस गिटारचं काम होतं. यावर समोरचा माणूस तब्येतीची चौकशी करतो. चार जणांना चार वेळा सांगून दमलो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो आहे.

आधी बेस गिटार म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही ते अजून माहीत नाही. चार जाड तारांची, लांब मानेची, खर्जात वाजणारी ही गिटार असते. गाण्याच्या तळाशी ती असते. तिच्यावरून कुणी टाळ्या वाजवत नाही. मी बँकेत नोकरी करतो आणि शनिवार-रविवार विनूदादाच्या ऑर्केस्ट्रात हा बेस वाजवतो. पंधरा वर्षं झाली. विनूदादा गातो, निवेदन करतो, पाहुण्यांचे सत्कार करतो आणि या सगळ्यात त्याचं तोंड प्रेक्षकांकडे असतं. मागे कोण काय वाजवतंय ते तो फक्त ऐकतो.

दिवाळीनंतरच्या एका तालमीत तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "खरं सांगू? तुझा बेस असला काय नि नसला काय, मला कळत नाही. मेघना डाव्या हातानं कीबोर्डवर खर्ज देतेच. जानेवारीत लातूरचा कार्यक्रम आहे. तिथं तरी ऐकू आलास तर बघू. नाहीतर मग आपण थांबू या." 'आपण' म्हणजे मी. दादा कायम मोठ्या मनानं बोलतो.

मला धक्का बसला नाही, कारण माझ्याकडे उत्तर तयार होतं. माझ्या मते दोष लाकडाचा होता. आम्हा हौशी बेसवाल्यांचे मोबाइलवर गट असतात. तिथे पन्नाशीचे गृहस्थ लाकडांवर अशा गांभीर्यानं बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, पेशंट टेबलावर आहे. आफ्रिकेचं वेंगे घेतलं की आवाज खोल लागतो, बुबिंगा घेतलं की गोल, पडाउक घेतलं की उबदार. ही नावं मला पाठ होती. अर्थ विचारला असता तर अडचण झाली असती. मी गणपतीतच एका आयात करणाऱ्याकडून वेंगेची काळी-तपकिरी फळी मिळवली होती. महिनाभर ती बेडरूममध्ये एसीत होती. बायको म्हणाली, "सून आणली असती तरी तिला एवढं जपलं नसतं."

त्या फळीचा बेस करायला मी ती नांदेडच्या रशीदभाईंकडे पाठवली होती. रशीदभाई हार्मोनियम आणि तबले करणारे, घराण्यात तिसरे. त्यांनी हौसेखातर दोन बेस गिटारी केल्या होत्या आणि दोन्ही अजून वाजत होत्या, एवढी शिफारस मला पुरली. जुना बेस मी एका कॉलेजला देऊन टाकला. परतीचे दोर असे स्वतःच कापले आणि जानेवारीत नांदेडला उतरलो. कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी होता.

नांदेड

जुन्या गावात गोदावरीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत रशीदभाईंचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक ओटा, त्यावर भुसा आणि भुशात बसलेले रशीदभाई. साठीचे असावेत. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. "या साहेब, बसा," म्हणाले आणि आतून बेस आणून माझ्या मांडीवर ठेवला.

फार देखणा होता. कडा अशा गोल केल्या होत्या की हात आपोआप फिरत राहावा. मान शिसवीची, काळीभोर. अंग मात्र मधाच्या रंगाचं. माझी फळी मधाच्या रंगाची नव्हती.

"रशीदभाई, वेंगे कुठंय?"

"तुमचा पाहुणा ना? वर हाय." त्यांनी माळ्याकडे बोट केलं. तिथे हार्मोनियमच्या पट्ट्या आणि तबल्याचे ओंडके यांच्या शेजारी माझी फळी जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली होती. चादरीवर खडूनं महिना लिहिला होता.

"पण तुम्ही फोनवर काम चालू आहे म्हणत होतात."

"चालूच हाय की. वाळून राहिली ती." रशीदभाई शांतपणे रंध्याचं पातं पुसत होते. "साहेब, ती लकडी जहाजात बसून आली. मग गोदामात राहिली. मग तुमच्या एसीत. तिला आपली हवा अजून ठाऊक न्हाई. आमच्याकडं रिवाज हाय, बाहेरून आलेल्या लकडीनं दोन पावसाळे इथं काढायचे, मगच तिला करवत लावायची. आत्ता कापली असती तर मे महिन्यात वाकडी झाली असती आणि तुम्ही म्हणला असता, रशीदनं खराब केली."

"मग हे कसलं लाकूड आहे?"

"साग. हिमायतनगरला कापसाचं एक जुनं जिनिंग पाडलं, तिथली तुळई. माझ्या वयापेक्षा जास्त पावसाळे बघितलेत तिनं. आता तिला कुठं वाकायचं न्हाई." त्यांनी बेसच्या मागची एक बारीक गोल खूण दाखवली. तुळईला मोठा खिळा होता, त्याचं भोक सागाचीच गुडदी मारून बुजवलं होतं. हे त्यांनी इतक्या अभिमानानं दाखवलं की मी त्यावरून बोट फिरवून बघितलं.

मला राग आला होता. खरं सांगायचं तर रडू येईल की काय अशी भीती वाटली. मी आवाज शक्य तेवढा खाली ठेवून त्यांना वेंगेचे गुण समजावले. त्यातून येणारा तो खोल, दाट, किंचित कुरकुरीत मधला सूर. रशीदभाईंनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही ऐकलंय का ते गिटार?"

"व्हिडिओत."

"मोबाइलवर?"

"हो."

रशीदभाईंनी पातं बाजूला ठेवलं. त्यांनी चहा मागवला.

चहानंतर मी बेस त्याच्या पेटीत ठेवायला लागलो तर आतून ताटं आली. खिचडी, चिंचेचं आंबट पातळ खट्टं आणि पापड. पुण्यात भांडण झालेल्या माणसाबरोबर आपण जेवत नाही, निदान त्याच दिवशी तरी नाही. इथे भांडण झालंय हे माझ्याशिवाय कुणाच्या गावीही नव्हतं. खट्टं इतकं सुरेख होतं की तिसऱ्यांदा वाढून घेताना मला स्वतःचाच राग आला.

बेसच्या आत विजेचं काम बाकी होतं. आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाखेरीज पोत बदलायला मला तीन बटणं हवी होती, खालच्या सुरांसाठी एक, मधल्यांसाठी एक, वरच्यांसाठी एक. आम्ही त्यांना नॉब म्हणतो. "विजेच्या तारांचं काम मी करत न्हाई," रशीदभाई म्हणाले. "लातूरला सर हायत. त्यांना फोन करून ठेवतो. तुमच्या फळीची काळजी करू नका, मी हाय तवर ती हाय." फळीची काळजी मला उरलीच नव्हती. मला माझी काळजी होती.

नांदेड ते लातूर, एसटीनं

कंडक्टरनं गिटारची पेटी बघून विचारलं, "काय हाय?" मी सांगितलं. "मग उभी धरा. आडवी ठेवली तर दोन शिटा जातेत." त्यामुळे लोहा गाव मागे पडेपर्यंत मी पेटीला मिठी मारून बसलो होतो. शेजारच्या बाईंच्या मांडीवर हरभऱ्याच्या डहाळ्यांची जुडी होती. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एवढं धरून बसलाव, देवाचं काही हाय का?"

"वाजवायचं आहे."

"मग ठीक हाय," म्हणत त्यांनी मला मूठभर डहाळे दिले. एका हातानं हरभरे सोलणं मला अहमदपूरपर्यंत जमलं.

बाहेर काळं रान होतं. तुरी काढून झाल्या होत्या, त्यांचे ठोंब उभे होते, मध्येच हरभऱ्याचा हिरवा पट्टा, मध्येच दाणे भरलेली ज्वारी. अहमदपूरच्या आसपास बालाघाटच्या टेकड्या लागतात आणि बस जरा कण्हत चढते. आमच्याकडे सिंहगड रस्त्यावर डोंगर दिसला की माणसं त्यावर फ्लॅट कुठे निघालेत ते बघतात. इथे डोंगरावर बघण्यासारखं काहीच नव्हतं, फक्त डोंगर होता. मी पंधरा मिनिटं सागाबद्दलचा राग विसरलो, मग आठवून पुन्हा चिडलो.

लातूर

सकाळी स्टँडजवळ 'सुशीला' खाल्ली. नाव ऐकून घाबरू नये, हा भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा नाश्ता आहे. आपले पोहे जेवढे आखडू असतात तेवढी ही मोकळी असते. शेंगदाण्याचं कूट सढळ हातानं, मिरच्याही सढळ हातानं. डोळे पुसतच मी सरांचं दुकान शोधलं.

लातुरात प्रत्येक जण प्रत्येकाला सर म्हणतो, पण हे खरे सर होते. सुधाकर सर शिरूर अनंतपाळचे. सकाळी एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात आणि दुपारी त्याच इमारतीच्या तळमजल्यावर शटर उघडून अॅम्प्लिफायर दुरुस्त करतात. जिल्ह्यातले सगळे बँडवाले आणि डीजेवाले त्यांच्याकडे येतात. वरून दोनशे मुलांनी एका सुरात उत्तर दिल्याचा आवाज येत होता.

सरांनी बेस उलटा करून झाकण उघडलं, मी पुण्याहून आणलेलं सर्किट आत बसवलं आणि सोल्डरचा डाग देता देता विचारलं, "सर, इथला कपॅसिटर मोठा टाकला तर कुठले सूर कापले जातील?"

मी अंदाजानं उत्तर दिलं.

"किती वर्षं वाजवून राहिलाव?"

"पंधरा."

"आणि नॉब फिरवता ते?"

"असंच. कानाला बरं वाटेल तसं."

"कुणाच्या कानाला?" सरांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्पीकर दुकानाच्या दारात ओढला. मग मला वाजवायला सांगून ते स्वतः रस्ता ओलांडून पलीकडे रसवंतीशेजारी जाऊन उभे राहिले. मध्ये रिक्षा, दुचाकी, तुरीची पोती भरलेला ट्रक. सर तिकडून हातानं खुणा करत होते. खालचा कमी. अजून कमी. मधला वर. अजून वर. मी खालचा सूर कायम पूर्ण चढवून वाजवत आलो. बेसच वाजवायचा तर बेसचा नॉब अर्धा का ठेवायचा, असा माझा साधा हिशेब होता. सरांनी तो पाव भागावर आणून ठेवला. माझ्या पायाशी आवाज अगदी रोडावला.

सर परत आले तेव्हा मी तक्रार केली, "इथं उभं राहून मला पुरतच नाही हो."

"तुम्हाला कशाला पुरायला पायजे? तुम्ही ऐकायला आलाव का? खर्ज जवळ कळत न्हाई, लांब गेल्यावर कळतो. तुम्ही तो जवळ पुरवत बसता, म्हणून लांब नुसता चिखल होतो. मधला सूर असला की माणसाला बोट कुठं पडलं ते ऐकू येतं."

पुण्यात मी यावर वाद घातला असता. इथे कालपासून माझ्या वादांना कुणी भाव देत नव्हतं, म्हणून जेवून येतो म्हणालो.

परत आलो तेव्हा बेस टेबलावर तयार होता. तिन्ही नॉबच्या बुडाला राखाडी रंगाचा दगडासारखा कठीण लेप होता. मी खालच्या सुराचा नॉब फिरवून बघितला. हलला नाही. मधला हलला नाही. वरचाही नाही.

"सर, हे काय आहे?"

"सील."

"म्हणजे?"

सरांनी मागच्या फळीकडे मान वळवली. तिथे ओळीनं मिक्सर आणि अॅम्प्लिफायर होते आणि प्रत्येकाचे नॉब त्याच राखाडी लेपानं जाम केलेले होते. "हळदीच्या मिरवणुकीत नवरदेवाचे मित्र येतेत आणि बेस चढवतेत. स्पीकर फाटतो. मग माझ्याकडंच येतेत. म्हणून एकदा सेट झालं की मी सील मारतो. उदगीरला, निलंग्याला, कुठंबी जा, माझं सील कुणी तोडत न्हाई."

"पण मी नवरदेवाचा मित्र नाही. हा माझा स्वतःचा बेस आहे."

"फिरवणारे सगळे सारखेच असतेत, सर." हे ते भांडण म्हणून बोलत नव्हते. डॉक्टर पथ्य सांगतात तसं सांगत होते. माझ्यावर त्यांनी विशेष काही केलंय असं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांच्या दुकानातून न सील केलेली वस्तू बाहेर जातच नसे, मला विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

"काढता येईल का?"

"येईल की. नॉबसंगट आतला भाग तुटंल. तो इथं मिळत न्हाई, पुण्याहून मागवावा लागंल. कार्यक्रम कधी हाय?"

"आज संध्याकाळी सहाला."

"मग राहू द्या," सर म्हणाले. "आवाजाचा नॉब मोकळा ठेवलाय. तेवढा फिरवा."

संध्याकाळ

एका डाळमिलवाल्यांच्या आईंची पंचाहत्तरी होती. मंगल कार्यालय भरलेलं. पहिल्या रांगेत व्यापारी मंडळी पाय पसरून बसली होती, आईंना मध्ये सोफ्यावर बसवलं होतं. पुण्यात लोक कार्यक्रमाला येतात तेव्हा परीक्षक असतात. इथे मंडळी जेवणाआधी करमणूक म्हणून आली होती आणि ते लपवत नव्हती.

स्टेजवर मेघना कीबोर्ड जुळवत होती. शाळेत संगीत शिकवते, सहा वर्षं आमच्याबरोबर आहे, गुणी बाई. तिचा डावा हात माझी जागा खाणार होता, पण त्यात तिचा दोष नव्हता. मी बेस गळ्यात अडकवला. लाकूड माझ्या मनाचं नव्हतं, सूर माझ्या मनाचे नव्हते आणि पंधरा वर्षांचा फैसला आज होता.

पहिल्या गाण्यातच मला स्वतःबद्दल एक शोध लागला. दर आठ-दहा मात्रांनी माझा उजवा हात तारा सोडून नॉबकडे जात होता. विनूदादानं श्वास घेतला की हात नॉबवर. ढोलकीवाला चढला की हात नॉबवर. नॉब हलायचा नाही, हात परत यायचा. असा मी पंधरा वर्षं वाजवत होतो की फिरवत होतो, कुणास ठाऊक. परत येईपर्यंत एखादा सूर निसटायचा किंवा उशिरा पडायचा.

दुसऱ्या गाण्यानंतर हात जायचा थांबला. त्याला तिथे काही कामच नव्हतं. मग करण्यासारखं एकच उरलं, ऐकणं. मी ढोलकीवर कान ठेवला आणि तिच्या थापेबरोबर बोट टाकायला लागलो.

पहिल्या रांगेत एक जाडजूड व्यापारी बसले होते. त्यांचा डावा पाय हलत होता. आधी माझं लक्ष नव्हतं, मग कळलं की त्यांची टाच माझ्या सुराबरोबर पडते आहे. मी खात्री करायला एका ठिकाणी मुद्दाम सूर सोडला. टाच वरच राहिली. पुढचा सूर दिला, टाच खाली आली. मला इतका आनंद झाला की तो सांगायला शब्द शोधत बसत नाही. अनोळखी माणसाचा पाय मी धरून ठेवला होता आणि त्याला पत्ताही नव्हता. पुढचे दोन तास मी त्या पायासाठी वाजवलं. हळूहळू रांगेतले आणखी पाय त्यात आले.

जेवणं कार्यालयातच होती. पुऱ्या, तुरीचं दाट वरण, जिलबी, मठ्ठा. मी आणि मेघना पंगतीत शेजारी बसलो. माझ्या मनात दोन भाषणं तयार होत होती. एकात हिमायतनगरच्या सागाचे आभार होते, दुसऱ्यात सरांच्या सीलचे. विनूदादा आला, समोर बसला, चेहरा उजळलेला.

"मेघना," तो म्हणाला, "आज कार्यक्रम तुझ्या डाव्या हातानं उचलला. काय खर्ज दिलास. शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता." मग तो माझ्याकडे वळला आणि फार मायेनं म्हणाला, "तूही ऐकलंस ना? वाईट वाटून घेऊ नकोस."

माझ्या तोंडात पुरी होती. दोन्ही भाषणं कुठल्या कुठे गेली.

"दादा," मेघना म्हणाली, "सकाळी बसमधून कीबोर्ड उतरवताना माझं मनगट लचकलं." तिनं कुडत्याची बाही वर केली. कोपरापर्यंत क्रेप बँडेज होतं. "तुम्ही घाबराल म्हणून सांगितलं नाही. आज मी सगळं एका हातानं वाजवलं. डावा हात मांडीवरच होता."

म्हणजे सहा वर्षं तिचा डावा हात आणि माझ्या चार तारा एकाच जागेसाठी धक्काबुक्की करत होत्या आणि आज जागा मोकळी होती. माझ्या यशात सागाचा वाटा होता, सीलचा होता, आता लचकलेलं मनगटही भागीदार झालं. माझ्यासाठी फारसं काही उरत नव्हतं. तरी तो पाय मी धरला होता, हे मला पक्कं माहीत होतं.

विनूदादा पुरीचा तुकडा हातात धरून थांबला. तो खरोखर विचारात पडला होता.

"मग बेस कोण वाजवत होतं?"

"मी," मी म्हणालो.

पंधरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. दादानं माझ्याकडे नीट बघितलं, आज पहिल्यांदाच त्याचं तोंड आमच्या बाजूला होतं. मग त्यानं वाढप्याला हाक मारली आणि माझ्या ताटाकडे बोट दाखवलं.

"इकडं जिलबी वाढा."

"किती?" वाढप्यानं विचारलं.

"तो नको म्हणेपर्यंत."

मी बराच वेळ नको म्हणालो नाही.